झऱ्याची किल्ली

(बेथलेहेमजवळचं डोंगरातलं गाव. झऱ्याच्या कुलूपबंद जाळीशी दोन म्हाताऱ्या शेजारणी. किल्ली तमामच्या कमरेला, वदीआच्या हातात रिकामी सुरई.)

वदीआ : नुसता घोटभर गं, रशादच्या आई. जीव अडकलाय आमच्या ह्यांचा. पाद्री येऊन शेवटचं तेल लावून गेले, तरी सुटत नाही.

तमाम : अडकू दे. माझा रशाद गल्लीत तडफडत होता, तेव्हा कुठे होता तुझा पाद्री?

वदीआ : झरा आमच्या संताचा, मार जिर्यिसचा आहे, तमाम.

तमाम : आणि आम्हा मुसलमानांच्या खिद्रबाबाचा. किल्लीवरून तुमचेच लोक एकमेकांची डोकी फोडायला निघाले, म्हणून ती आमच्या घरात आली. विसरलीस?

वदीआ : तहानलेल्याला परत पाठवणार नाही, अशी शपथ घेतलीय ना तुमच्या घराने?

तमाम : मलाच शपथ शिकव! मागे सैनिक, पोटात गोळी, आणि पोरगं तुझ्या दारावर थापा मारतंय. 'मित्रीकाका, दार उघडा, पाणी द्या.' अख्ख्या गल्लीने ऐकलं.

वदीआ : घरात लेकरं होती गं. घाबरलो आम्ही.

तमाम : घाबरलात, ते मी समजले असते. पण मयताला येऊन तुझा नवरा काय म्हणाला मला?

वदीआ : जाऊ दे ना ते.

तमाम : बोल. तुझ्या तोंडून ऐकायचंय.

वदीआ : म्हणाले... आम्ही घरी नव्हतो.

तमाम : माझा हात हातात धरून म्हणाला! आण ती सुरई इकडे.

वदीआ : देतेस? देव तुझं भलं करो!

तमाम : देवाला मध्ये आणू नकोस. पाण्याला नाही म्हणायचा हक्क मला नाही, म्हणून देतेय. घे. भरली. नीघ आता.

वदीआ : तमाम, पाणी तर मी खालच्या बागेतूनही भरलं असतं. तिथेही हेच वाहतं.

तमाम : मग आलीस कशाला?

वदीआ : त्यांना तुझ्या हातून हवंय. दाराकडे डोळे लावून पडलेत. सारखं एकच, तमाम आली का? पायरी चढ आमची एकदा. तुझ्या पाया पडते.

तमाम : दाराकडे डोळे लावून?

वदीआ : कालपासून.

तमाम : मग लवकर जा. सांग त्याला, पुष्कळ थापा मारल्या तिच्या दारावर.

वदीआ : आणि?

तमाम : तमाम घरी नव्हती.