बुक्क्याचा डाग

धंदा वाढला म्हणून पेढे मागता आहात, तर आधी एवढे ऐका. लोणारच्या आमच्या घरातून प्रत्येक वीणा देवापुढे ठेवून, बुक्का लावूनच बाहेर पडत असे. ऑनलाइन विकलेली पहिलीच वीणा परत आली. सुनेने गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो दाखवला. त्यात बुक्क्याभोवती लाल वर्तुळ काढले होते.

"मामाजी, थे म्हणतात, डाग आहे, जुना माल पाठवला."

"बाई, तो देवाचा बुक्का आहे."

"मले मालूम आहे. पण त्याहिले कसं सांगू? अजून एक तक्रार आली, तं तिथलं आपलं दुकान बंद होईन."

मी बुक्का लावणे सोडले. आता एकही वीणा परत येत नाही. ओटी न भरता लेक सासरी धाडावी, तशी एकेक खोक्यात ठेवतो.