सहातली एक वाटी

…आणि वर मुलगा मलाच म्हणतो, "आई, मागे जरा गप बस ना!" तुम्हाला सांगते, पहाटेपासून गाडीत कोंबलेली, पाठीचा पार खुळखुळा झालेला, दोन ठिकाणं पालथी घातली, आणि बघायला काय? तर खड्डा! पहिल्या ठिकाणी गुडघ्याएवढ्या भिंती, आणि तो माहिती देणारा डोळे मिटून सांगतोय, "हे तीन हजार वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर!" म्हटलं, अरे, चूल कुठाय? तर म्हणे, "आजी, कल्पना करायची." कल्पनाच करायची तर घरी पडून केली नसती? दुसरीकडे सूनबाई, "अय्या आई, पायऱ्या बघा ना!" उतरले, गुडघे बोंबलले, खाली काय? खड्डा!

मला हवं होतं ते तिसरं ठिकाण. आमचे हे तिथे खोदकामावर होते ना… वर्षातले आठ महिने, एकोणतीस वर्षं! ब्रशानं माती झाडायचे. घरात कधी केर काढला नाही, आणि तिकडे जमीन झाडायला जायचे! दरवर्षी म्हणायचे, "पुढच्या खेपेला तुला नेतो, मी बसतो ती जागा दाखवतो." मागच्या वर्षी गेलेच. मग मुलाला म्हटलं, तू तरी ने रे. त्या जागेवर एकदा टेकायचं होतं मला, बाकी काही नाही.

पोचलो, तर काय सांगू… सपाट! नुसतं गवत! इथे तर खड्डासुद्धा नाही!

तिथला म्हातारा पहारेकरी ह्यांच्याबरोबर काम केलेला निघाला. म्हणाला, "वहिनी, काम झालं की आम्ही बुजवतो. उघडं राहिलं तर नासतं." ऐका! आधी खणायचं, मग बुजवायचं! मग म्हणतो, "बुजवण्याआधी तळाशी आजची एखादी वस्तू ठेवतो. पुढे कुणी खणलं तर कळावं, आपली माणसं इथवर पोचली होती. कुणी बाटली ठेवायचं, कुणी नाणं. त्यांनी एकदा स्टीलची वाटी ठेवली. म्हणाले, माझ्या घरची राहू दे, तिच्या हातची."

वाटी? अहो, माझी वाटी! सहातली एक! त्या वाटीवरून मी जावेशी भांडले होते हो! पाहुणे आले म्हणून नेल्यास सहा, आणल्यास पाच, म्हटलं. ती बिचारी पोरांची शपथ घेऊन सांगतेय, "अहो जाऊबाई, सहाच्या सहा दिल्यात हो!" आणि मी? चोर तो चोर, वर शिरजोर! भिंतीला भिंत लागलेली, आणि एकोणीस वर्षं शब्द नाही. ती आजारी पडली, मी पायरी चढले नाही. गेली. आणि आमचे हे सगळं बघत होते! तोंडातून ब्र नाही!

का हो, म्हटलं, का नाही बोलले? पहारेकरी खाली बघत म्हणाला, "दरवर्षी म्हणायचे, या खेपेला घरी गेलो की सांगतो. पण तुम्ही… रागवाल म्हणून…" म्हणजे माझ्या तोंडाला भ्यायले! साप निघाला तर हातानं धरून बाहेर टाकणारा माणूस!

म्हटलं, उकरा. आत्ताच्या आत्ता. जावेच्या दारात नेऊन ठेवते. मुलगा हळूच म्हणाला, "आई, काकू कुठे आहे आता?" म्हटलं, दार आहे ना!

तर पहारेकरी, "वहिनी, इथली बोटभर माती हलवायला परवानगी लागते. वाटीसाठी कोण देणार? शे-दोनशे वर्षांनी एखादा साहेब येईल, तेव्हा निघेल."

बसले मग तिथेच, गवतात. शेवटी म्हटलं, मग त्या साहेबाला निरोप ठेवा, काचेच्या कपाटात मांडाल तेव्हा खाली लिहा म्हणावं, ही वाटी जावेनं घेतली नव्हती.

"वहिनी, तोवर मी कुठला हो?"

तेही खरंच. मग काय करणार? भेटेल त्याला सांगत सुटलेय. आज सकाळपासून तुम्ही सातवे.