सहा महिने हिरवे, एक शुक्रवार लाल

...आणि वर मलाच विचारतात, 'एवढी रजा मिळाली, तरी तोंड पाडून का बसलात?' अहो, तोंड पाडू नको तर काय टेबलावर चढून नाचू?

तुम्हाला सांगतो, आमच्या ऑफिसात सव्वीस वर्षं रजेचं एक रजिस्टर होतं. लाल पुठ्ठ्याचं, सुतळीने पेन्सिल बांधलेलं. पेन्सिल चोरीला जायची, सुतळी राहायची, पण काम व्हायचं! तारीख लिहायची, साहेबांपुढे ठेवायचं, कोंबडीचा पाय फिरल्यासारखी सही झाली की संपलं. मग नवे साहेब आले. साहेब बोलतात ते असे, हात पसरून, नाकातून, 'मित्रांनो, आजपासून रजा ऑनलाइन! एकच तक्ता, सगळ्यांसाठी खुला! कुणीही उघडा, कुठूनही लिहा, लपवाछपवी बंद! सगळ्यांना सगळं दिसतं!'

सगळ्यांना सगळं दिसतं म्हणे!

आता मला काय हवं होतं हो? सहा महिने नकोत, महिना नको, एक दिवस! शुक्रवार! आमच्या हिच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पहिल्या डोळ्याच्या वेळी ऑफिसात तपासणी लागली, मी फायली काढत बसलो, आणि पट्टी निघाली तेव्हा हिला पहिलं तोंड दिसलं ते शेजारच्या वहिनींचं! दोन वर्षं झाली, त्यावरून एकदाही भांडली नाही. तेच तर वाईट ना! भांडली असती तर फिटंफाट झाली असती. या खेपेला फक्त एवढं म्हणाली, 'मी तो बरा डोळा हाताने झाकून घेईन. या डोळ्याने पहिलं तुम्हालाच बघायचंय. समोर असाल ना?' म्हटलं, असेन, अगदी नाकासमोर!

तर तक्ता उघडला. नाव, तारीख, कारण. साहेबांनी मंजूर केली, रकाना हिरवा झाला. घरी जाऊन ओरडलो, 'हिरवा झाला!' मी खूश, ही खूश... आणि बुधवारी साहेबांना वाटलं, नावं कशी ओळीने हवीत, अ पासून. लावली! फक्त नावं लावली! नावं शहाण्यासारखी वर-खाली झाली आणि रजा बसल्या जागच्या जागी! कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही! माझा शुक्रवार गेला गोदामवाल्याच्या नावावर, गोदामवाल्याची मंगळवारची अर्धी रजा गेली टायपिस्ट मुलीकडे, आणि त्या मुलीची बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा... हसू नका! चोपन्न वर्षांचा माणूस मी, जिना चढताना गुडघे वाजतात, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून बाळंतपणाच्या रजेवर! मंजूर! हिरवी! आख्ख्या ऑफिसने पाहिलं, एकाला म्हणून वाटलं नाही की काहीतरी चुकतंय. उलट सात जणांनी खाली लिहिलं, 'अभिनंदन!'

सगळ्यांना सगळं दिसतं ना!

ती मुलगी, आठवा महिना बिचारीचा, डोळे पुसत आली. 'काका, मी सकाळी बाळंत होऊन दुपारी कामावर येऊ का हो?' तिला म्हटलं, थांब, रडू नकोस. गेलो गोदामवाल्याकडे, हात जोडले. तो म्हणतो, 'दादा, आईशप्पथ, मी मागितली नव्हती! पण आता मेहुण्याला बोलावून बसलोय. चालून आलेली रजा परत कोण करतं?'

मग साहेब. मुलीला त्यांनी मुकाट्याने साध्या कागदावर रजा लिहून दिली. बघा, कागदावर! मी म्हटलं, साहेब, मलाही एक चिटोरं द्या.

'तुम्हाला? अहो, तुमच्या नावावर सहा महिने लागलेत! शिल्लक शून्य. हा बघा, शुक्रवार टाकला की रकाना लाल होतो. हाव किती करावी माणसाने!'

'मग ते सहा महिने काढून घ्या ना!'

'मंजूर झालेलं सिस्टीम परत घेत नाही. एक तारखेपासून दारावर तुमचं कार्ड चालणार नाही.'

'आणि शुक्रवारी?'

'शुक्रवारी हजर राहायचं. पण कुठूनही राहता येतं! हॉस्पिटलातून मीटिंगला बसा. सगळ्यांना—'

'दिसतं साहेब, कळलं!'

बसलो! हिला आत नेलं तेव्हा मीटिंगमध्ये, बाहेर आणलं तेव्हा मीटिंगमध्ये. संध्याकाळी नर्सबाई आल्या, 'चला, पट्टी काढू.' मी ताडकन उठलो, लग्नात पाडला नसेल असा भांग पाडला, पलंगासमोर उभा राहिलो. हिने बरा डोळा हाताने झाकला. आणि तेवढ्यात फोनमधून साहेब, 'अहो, वहिनी आहेत ना तिथे? फोन तिकडे फिरवा, सगळे मिळून शुभेच्छा देऊ!'

सव्वीस वर्षांची सवय हो! साहेब म्हणाले की हात आपोआप वर जातो. गेला! फोन माझ्या तोंडासमोर, पट्टी निघाली, हिने डोळा उघडला... आणि समोर तीसेक चौकोन, तीसेक तोंडं, मधोमध साहेब! 'अभिनंदन वहिनी!' सगळे दिसले हो तिला! फक्त मी फोनच्या मागे!

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिने काय केलं? एका बोटाने फोन हळूच बाजूला सारला. माझ्याकडे बघत राहिली, कितीतरी वेळ. मी म्हटलं, आता रडते. मग बऱ्या डोळ्यावरचा हात काढला, पुन्हा बघितलं आणि म्हणाली, 'एका डोळ्याने इतके वाईट दिसत नव्हता हो! कॉलरला डाग, वरचं बटण गायब... आणि बोट कशाने भाजलं? दुधाचं पातेलं करपवून माळ्यावर लपवलंत ना?'

तर असं आहे. एक तारखेपासून सहा महिने मी घरी. दारावर कार्ड चालायचं नाही, तोंड लपवायला फाईल नाही, तपासणीचं निमित्त नाही... आणि तुम्हाला सांगतो, हिला आता दोन्ही डोळ्यांनी सगळं दिसतं!