कापसात ठेवलेली बॅटरी

लिहिण्यात शुद्धलेखनाच्या चुका असतील, त्या सांभाळून घ्याव्यात. नववीनंतर मी शाळेत गेलो नाही, म्हणून शब्दही साधेच आहेत. तसे यात माझे शब्द फार नाहीतच. रुख्मिणीमावशी त्यांच्या ओसरीवर बोलल्या, मी ऐकलं, ते आठवलं तसं मांडतो.

— नाई, नाई, बस तू. उभा काऊन राह्यला? खाटेवर बस. तुझा डबा काई पळून नाई चालला. तशी आज तुझी एक बॅटरी पळाली म्हणा — या दारातून त्या निंबापर्यंत, मागं जाळ लावून. तुझ्या विमानात एवढ्या जोरात उडाली होती का ती कधी? नाई ना. आमच्या घरात येऊनच तिच्या अंगात जोर आला. आमचं घरच तसं हाय, संघपाल, गुणाचं. कोणी काई ठेवून जावं अन् त्याचं सोनं व्हावं. तुझ्या बॅटरीचा कोळसा झाला, तेवढंच काय ते वेगळं.

थांब, नीट सांगते. ज्वारीनं कणसं धरली तसा तू आमच्या वावरावर ती थर्माकोलची घार, तुझं ते रिमोटचं विमान, उडवाले लागला. चांगलं झालं. पोपट पळाले. आमच्या प्रगतीचे बाबा म्हणत, बरं झालं बाप्पा, गोफण फिरवू फिरवू खांदा गेला होता माहा. मग तुझ्या घरी भावाचे लेकरं हात लावतात म्हणून बॅटऱ्यांचा डबा आमच्या ओसरीवर आला. पत्र्याचा डबा, आत रेती. मी म्हटलं, याच्यात बॅटऱ्या ठेवते का बटाटे? पन ठेव म्हटलं. रेतीनं काई खाले मागतलं नाई.

अन् मग हे हिव. तलमडुगुचं हिव काई सांगाले नको, सकाळी बादलीतलं पाणी हाताले चावते. तू येते तर हात काखेत, खुडूक कोंबडीसारखा. मले वाटलं, पोराले ताप भरला. इचारलं तर जमिनीकडे पाहून म्हणते, ‘मावशी, थंडीत बॅटरीचा जोर जाते, घार खाली पडते, म्हणून ऊब देऊन राह्यलो.’ बस. साऱ्या हिवाळ्यात तुझ्या तोंडून निघालेलं हेच सगळ्यात लांब वाक्य. अन् ते प्रगतीनं ऐकलं. दाराआड होती ना ती — दाराआडच असते ती, तू आला का.

आता मले सांग, पुढचं अर्धं वाक्य कुठं गिळलं तू? आज आग इझल्यावर तिनं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं मले. ठेवाले थंडी चालते म्हणे. उलट बरी असते. ऊब लागते ती उडवाच्या टाइमाले. थंडगार बॅटरीले चार्जिंग लावू नाई. बरेच दिवस ठेवाची तर पूर्ण भरून नाई, अर्धी भरून ठेवाची, अन् जळणाऱ्या वस्तूपासून दूर. हे तुले माहीत होतं? होतं ना. मान हालवून राह्यला म्हणजे होतंच. मग ते कोणाले सांगाचं होतं, पोपटाले?

तर काल दिवेलागणीले या प्रगतीबाईनं काय केलं — डबा उघडला, साऱ्या बॅटऱ्या काढल्या अन् मधल्या खोलीत कापसात नेऊन झोपवल्या. आता तिचं तरी काय चुकलं? भाव येईन म्हणून छताले टेकलेला कापूस, अन् हिवाळ्यात आपण त्याच्यात काय नाई ठेवत? दह्याचं भांडं ठेवतो, नाई तर दही लागत नाई. कच्ची सीताफळं ठेवतो. मांजर तर तिथंच व्याली. मग बॅटरीनंच काय पाप केलं? अन् ती फुगलेली — जी त्या दिवशी घारीसकट बांधावरच्या दगडावर आदळली अन् तू बाजूले काढून ठेवली होती — ती तर सगळ्यात खोल, कोपरापर्यंत हात घालून. मी म्हटलं, तीच खाली काऊन वं? तर म्हणते, आई, ती आजारी हाय, तिले जास्त ऊब पाहिजे. डिग्री झाली हो पोरीची. मास्तरकीच्या परीक्षेचा, त्या डीएससीचा, अभ्यास करून राह्यली. उद्या लोकाच्या पोरांले सायन्स शिकवन.

आज सकाळी तू आला असता तर निदान डबा रिकामा पाहून इचारलं असतं. पन तू गेला पुतण्याले घेऊन दवाखान्यात. अन् आला असता तरी काय? इचारलं थोडंच असतं. रिकाम्या डब्यात पाहत बसला असता, रेती मोजत.

प्रगतीचे बाबा आदिलाबादच्या बसमध्ये बसले, मार्केट यार्डात भाव काढाले गेले, अन् इकडं मले वास आला. गोडगोड. नखाले लावतात ना ते रंग, तसा. मी मनात म्हटलं, चला, उद्या पाहुणे येनार तर पोरगी नटाले लागली, अक्कल आली. खोलीत जाऊन पाहते तर कापसातून धूर. मी घागर कुठं, घागर कुठं करून राह्यली, अन् हिनं सरळ हात घातला. ती जळती बॅटरी उपसून काढली अन् अंगणात भिरकावली. निंबाखाली अशी फुसफुसत होती, जशी दिवाळीतून उरली होती. टोपलीभर कापूस काळा झाला. साऱ्या वर्षाचा कापूस, बाबू, अन् टोपलीवर निभावलं. तो काळा झालेला मी चुलीत घातला. प्रगतीच्या बाबांनी वास घेतला तर सांगीन, चप्पल पडली चुलीत. ते इश्वास ठेवतीन. मी आजवर त्यांच्याशी खोटं बोलली नाई, त्याचा एवढा तर फायदा व्हाले पाहिजे.

काय? हात? हाताले काय व्हाचं — तू असा एकदम उठू नको, बस. खाली बस. आत नाई जाता येत. — हे पाहा आता. तिनं मले बजावलं होतं, आई, संघपालले हाताचं सांगू नको. अन् मी सांगून बसली. माह्या तोंडाले अन् तुझ्या बॅटरीले एकच रोग, दाबून ठेवलं का फुगते. तळवा भाजला, उजवा. नर्सबाईनं मलम लावलं, पट्टी बांधली. होईन बरा. रडली नाई ती. तुझ्या बाकीच्या बॅटऱ्या पहिले रेतीत ठेवाले लावल्या मले, चिमट्यानं, एक एक, मग हात पुढं केला.

अन् उद्या मुधोळचे पाहुणे. हर्षदीप नाव हाय पोराचं, एमआरओ ऑफिसात, म्हणजे तहसीलात, क्लर्क. ते इचारतीनच, हाताले काय झालं. काय सांगू? भाकर करताना भाजला? म्हणतीन, डिग्री हाय पन भाकर येत नाई. बॅटरी काढताना भाजला? म्हणतीन, कोणाची बॅटरी? सांग, तूच सांग, कोणाची सांगू?

नाई, तू खाली पाह्य. तुले तेच येते.

मले काई दिसत नाई असं वाटते का तुमाले? ही पोरगी पाणी शिंपडल्याशिवाय गोधडीतून निघत नव्हती. अन् या हिवात तोंड धुऊन, वेणी घालून, झुंजूमुंजू व्हायच्या आत ओसरीवर. कशाले, तर पोपट पाहाले. बावीस वर्षं या गावात राह्यली, तिले पोपट आत्ता दिसले. त्या हर्षदीपचा फोटो आला तर म्हणते, ठेव तिथं. अजून तिथंच हाय, पोह्याच्या डब्यावर, पाहुण्यानं पोह्यांची राखण केल्यासारखा. अन् तुझ्या फुगल्या बॅटरीची चौकशी जेवताना, झोपताना, भांडे घासताना.

तू वाईट हाय असं मी नाई म्हणत. नववी शिकला म्हणून मी काई — नाई, खरं सांगाचं तर म्हणतेच. आई हाय मी. बापानं दुसऱ्याच्या वावरात राबून शिकवलं तिले, ते का थर्माकोल कापणाऱ्याच्या घरी धाडाले? पन तो क्लर्कही काय हाय, फोनवर बोलते तर मोटर चालू केल्यासारखा, अन् सारं आपलंच, साहेब मले असं म्हणे, साहेब मले तसं म्हणे. एकाले झाकण नाई, दुसऱ्याले तोंड नाई. मधलं काई बनवलंच नाई का कोणी? परवा प्रगतीचे बाबाच मले इचारत होते, हा संघपाल कधी बोलते का नाई वं? मी म्हटलं, काऊन? तर म्हणे, काई नाई. पोरगा कामाचा हाय. बोलला असता तर — असं म्हणून बिडी पेटवली.

— हे मी तुले काऊन सांगून राह्यली?

घे तो डबा. नीट धर. अन् उद्या सकाळी इकडं येऊ नको. घार नको, विमान नको, काई नको. पोपटांनी ज्वारी खाल्ली तर खाऊ दे, त्यांच्याही घरी पाहुणे असतीन. बोलाचं हाय का काई? असन तर आत्ता बोल, मी ऐकून राह्यली.

वाटलंच. जा मग. फाटक लावून घे, बकरी शिरते.

मी फाटक लावून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी मावशींच्या घरी गेलो. प्रगतीचे बाबा, दौलतकाका, अंगणात शेकोटीजवळ बसले होते. मावशी दारात आल्या, मला पाहिलं आणि तिथेच थांबल्या. मी चप्पल काढली, काकांना जय भीम केला आणि म्हणालो, ‘काका, मुधोळचे पाहुणे येण्याआधी मला प्रगतीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.’ काकांनी शेकोटीत एक तुराटी सरकवली आणि म्हणाले, ‘बस.’ मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा गप्प झालो असतो. उभ्यानेच सगळं बोललो.