फोननं गाळलेला तंबोरा

…आवं, फोन वाईट हाय असं कोन म्हनतंय? मी म्हनलो का? फोन चांगला हाय, मी न्हाई म्हनतच न्हाई! पर बसा जरा. तुमाला सांगतो, मिरजेत चाळीस वर्सं तंबोरे करनाऱ्या ह्या मोहिद्दीनचं त्या चांगल्या फोननं काय केलं ते ऐका, आनि मग खुशाल दुकानात जाऊन तुमीबी घ्या!

माझा जुना फोन बटनाचा. झाकन पडू नये म्हनून तार गुंडाळलेला, तीबी तंबोऱ्याचीच तार! त्यात जावई आला, अफताब. पुन्याला कंपनीत हाय, मानूस बरा, पर कुनाला सल्ला दिल्याबिगर त्याला अन्न पचत न्हाई. म्हनला, "अब्बा, घ्यायचा तर फ्लॅगशिप घ्या!" म्हनलं, ते काय असतं? "कंपनीचा सगळ्यात मानाचा फोन!" आता मानाचा म्हनल्यावर… आमी पडलो हौशी! जुना बदल्यात दिला आनि मानाचा घरी आनला.

काय फोन वो! क्यामेऱ्यातनं चांदावरचे खड्डे दिसत्यात. मला चांदावर तंबोरा इकायचाय का? न्हाई, पर दिसत्यात! पान्यात टाका, मरत न्हाई. वजन असं, की शर्टाचा खिसा दोनदा फाटला. तिसऱ्यांदा सुई टाकून आमची बायको, शबाना, म्हनली, "खिशात फोन ठेवा न्हाईतर वरवंटा ठेवा, मी आता शिवनार न्हाई." चार्जिंग दुपारच्या नमाजापतुर, पुढं अल्ला मालिक! आनि तो बोटाचा ठसा? अंगठा लावा… "ओळखता येत नाही." मधलं लावा… "ओळखता येत नाही." आरं, चाळीस वर्सं कानस घासून बोटांवर ठसे ऱ्हायल्यात कुठं? अख्खी मिरज मला वळखती आनि ह्यो खिशात बसून माझाच खिसा फाडतोय आनि मलाच इचारतोय, तू कोन! ऱ्हाऊ द्या. फोन चांगला हाय, मी न्हाई म्हनत न्हाई.

तर धारवाडच्या एक बाई हायत, गानाऱ्या, मोठं नाव. पंचवीस वर्सं तंबोरा माझ्याच हातचा. त्यांची रीत अशी, की मी जवारी काढायची, म्हंजी घोडीवर तार टेकती ती जागा कानशीनं घासायची, तारंला गुंजन सुटंस्तवर. मग फोन लावून भोपळ्याजवळ ठेवायचा आनि छेडायचं. बाई तिकडं डोळं मिटून ऐकनार आनि एकच शब्द बोलनार, "पाठवा." बास! त्या एका शब्दासाठी आमी दोन-दोन म्हयनं मान मोडतो. अवंदा तंबोरा असा उतरला, खोटं सांगत न्हाई, आयुष्यातला एक नंबर! नवा फोन लावला. छेडला.

"मोहिद्दीनभाई, सुरू करा ना."

"सुरूच हाय की बाई!"

"काहीच ऐकू येत नाही हो. तुमचा श्वास तेवढा येतोय. छाती भरली आहे का तुमची?"

छाती! मी हिकडं बोटं झिजवतोय, खोली घुमतीया, आनि बाई माझी छाती तपासत्यात! म्हनल्या, "जवारी बसलेली दिसते. पुन्हा बघा." पुन्हा घासली. पुन्हा फोन. "नाही हो." चार येळा घासली, दोन घोड्या बदलल्या. मला सवताला ऐकू येतंय, पर बाई न्हाई म्हनत्यात, आनि बाईंचा कान खोटा कसा म्हनू? शबाना म्हनली, "ओ जी, कान दिखाव डॉक्टर कू!" जावयानं पुन्यावरनं सल्ला दिला, "अब्बा, वय झालं, आता बास करा." त्याचा आवाज बघा, काय खनखनीत आला!

आनि तुमाला सांगतो… मी घाबरलो. हसू नका, खरंच घाबरलो. सुताराचा कान गेला तर दारं करता येत्यात. आमचा कान गेला तर आमी नुसतं भोपळं!

शेजारी चुलत पुतन्या फरदीनचं दुकान. पोरगं गोड, पर त्यानं कानस उचलली की घोडीला रडू येतं. त्याला म्हनलं, घेऊन जा रं ह्यो, भोपळ्याच्या भावात. बिघडलाय.

मग एकदा मोबाईलवाल्या जयराजला सहज इचारलं. तो असा हसला! "चाचा, ह्यो फोन बोलनाऱ्याचा आवाज ठेवतो आनि मागचा गोंगाट गाळतो. पंखा, मिक्सर, पान्याची मोटार… एकसारखं घुमतंय ते समदं गोंगाट!"

"आनि तंबोरा?"

"तोबी एकसारखाच घुमतो की वो!"

म्हंजी मी चाळीस वर्सं काय केलं? मिक्सर! म्हनलं, बंद कर की ते. "ह्यात बंद व्हत न्हाई चाचा, लय हुशार फोन हाय."

तंबोरा परत घ्यायला पळत निघालो, तर वाटंतच बाईंचा फोन. "मोहिद्दीनभाई, मिळाला हो तंबोरा! तुमच्या फरदीननं स्वतः केलेला, फोनवर ऐकवला. काय जवारी! तरुणपणी तुमची असायची, अगदी तशी!"

फरदीनचा फोन म्हंजी काच फुटलेला, रबर लावलेला, बोलताना निम्मी मिरज ऐकू येती असला! म्हनलं, "बाई, आवं तो माझाच हाय!"

मग म्हनल्या, "या वयात मत्सर शोभत नाही, मोहिद्दीनभाई. पोरगा पुढं येतोय, आशीर्वाद द्या." आनि काय साफ ऐकू आलं म्हनता! शेवटी सुस्कारा सोडला, तोबी आला! फोन चांगला हाय… मी न्हाई म्हनत न्हाई.

काल फरदीन आला, मान खाली घालून. मला वाटलं, आता माफी मागनार. म्हनला, "चाचा, बाईंनी अजून दोन सांगितल्यात. जवारी तेवढी तुमी काढून द्याल का?"

काय करनार? देतो म्हनलं. हात शिवशिवतोय माझा! पर एक अट घातली, ऐकवायचं मातूर तुझ्या फोनवरनं.

"आनि तुमचा एवढा भारी फोन?"

म्हनलं, "त्यातनं नुसता मी ऐकू जातो रं… आनि मला कोन इकत घेतंय?"