बगळ्याचा नियम

बेबी : मग पिशवीत ही चड्डी कशाला आणलीस, दादा? तलावाला दाखवायला?

दादा : हळू बोल गं. आणली म्हणजे... राहिली असेल पिशवीत.

बेबी : दुकानाची चिठ्ठीसुद्धा अजून लोंबतेय. पोहायची नवी कोरी चड्डी आपोआप राहते होय पिशवीत? आणि तीही या वयात?

दादा : बाबांच्या तलावाचा शेवटचा दिवस. वाटलं, निदान पायरीवर पाय सोडून बसावं. तेही जमेल असं नाही म्हणा.

राखणदार : बसा की, दादा. फक्त जरा उरका. अंधार पडायच्या आत तलावातलं पाणी सोडून द्यायचंय. उद्या फरशा उखडायला माणसं येणार. मग इथे गाड्या उभ्या राहणार.

बेबी : बघ, बाबांचा पोपट किती घाईत आहे.

राखणदार : म्हणा पोपट. मास्तरांनी ठेवलेलं नाव आहे, मी पदवीसारखं मिरवतो.

दादा : पहिल्याच दिवशी ठेवायचे नाही का? सगळ्या पोरांना उथळ बाजूला रांगेत उभं करायचे आणि एवढंच म्हणायचे, 'शिका.' पुढे चकार शब्द नाही.

बेबी : नुसते बघत बसायचे, कोण कसं शिकतंय ते. मी तर त्यांचं बोलणं संपायच्या आत पाण्यात! नाकातोंडात पाणी, डोळे लाल.

दादा : तू बेडूक. आधी उडी, मग अक्कल.

बेबी : अक्कल अजून यायचीय.

राखणदार : मी आपला काठावरून विचारतोय. मास्तर, आधी हात की आधी पाय? श्वास कधी घ्यायचा? डोळे मिटायचे का? म्हणाले, हा पोपट. याला आधी शब्द द्या, मग पाणी. 'हात लांब, मान सैल, तोंड बाजूला.' आठवडाभर घोकून घेतलं. आजही पाण्यात शिरलो की माझे ओठ हलतात.

दादा : आणि मी बगळा.

बेबी : झालं याचं सुरू.

दादा : नाही गं, तक्रार नाही. बाबांचं निदान अचूकच होतं. काठावर उभं राहून मला सगळं दिसायचं. कुणाचा हात कुठे वाकतो, कुणाची मान ताठ आहे. पोहण्यावरची पुस्तकं तर कपाटभर वाचली. पोहायचं तेवढं राहिलं.

राखणदार : माझी लाथ तुम्हीच सुधारलीत, दादा. 'गुडघ्यातून नको, कमरेतून मार.'

दादा : ते पुस्तकातलं होतं रे. चुकीचंही असू शकलं असतं. पण एक गोष्ट मनातून जात नाही. तुम्हा बेडकांवर ते ओरडायचे, पोपटांपुढे घसा कोरडा करायचे. मला मात्र कधी 'उतर' म्हणाले नाहीत. एकदाही. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, पण अजून वाटतं, त्यांनी माझा नादच सोडला होता. पालथ्या घड्यावर कोण पाणी ओतणार?

बेबी : दादा, तुला बगळ्याचा नियम माहीत नाही?

दादा : कसला नियम?

बेबी : कमाल आहे! आम्ही दोघं त्यांच्या हाताखाली शिकवायला लागलो, तेव्हा सगळ्यात आधी तोच सांगितला त्यांनी. पोपटा, म्हण रे.

राखणदार : 'बेडकाला एकटं सोडू नका. पोपटाला कंटाळू नका. बगळ्याला हात लावू नका. ढकललात तर उडून जाईल, बोलावलंत तर लाजेल. त्याचं बघून झालं की तो आपणच उतरतो. तोवर पाणी स्वच्छ ठेवा.'

दादा : हे... सगळ्याच बगळ्यांसाठी होतं?

बेबी : होतं की. बाकीचे महिन्याभरात उतरले. तू राहिलास.

दादा : शेवटची तुकडी गेली की ते काठावर झाडत राहायचे. झाडलेलीच फरशी परत झाडायचे. मला वाटायचं, माझं वाचन संपायची वाट बघतायत. मग मी घाईघाईने पुस्तक मिटायचो.

राखणदार : झाडायचं काम माझं होतं, दादा. मास्तर म्हणायचे, तू जा घरी, मी बघतो.

बेबी : आणि आई इकडे वैतागलेली. 'पोराला वाचायचंय तर घरी वाचू दे की!' बाबा हळूच म्हणायचे, 'आज पायरीपर्यंत आला होता.' त्या दिवशी दोन घास जास्त जायचे त्यांना.

दादा : मला सांगायचंत तरी कुणी.

बेबी : आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे. तुला सगळंच ठाऊक असतं.

दादा : मला नुसतं नाव कळलं होतं, बेबी.

राखणदार : मग आता उतरा ना, दादा! मी हात धरतो, बेबीताई त्या बाजूला...

बेबी : ए पोपटा! नियम आत्ता म्हणालास ना? तोंडपाठ आहे, डोक्यात नाही.

राखणदार : चुकलो.

दादा : कपडे बदलायची खोली उघडी आहे का रे? म्हणजे, आपलं सहज विचारलं.

राखणदार : उघडी आहे. कडी तुटलीय, दार ओढून घ्या.

(दादा पिशवी घेऊन खोलीत जातो. मग उथळ बाजूच्या पायऱ्यांवर पाणी हलल्याचा आवाज येतो.)

दादा : गार आहे गं.

बेबी : असणारच.

दादा : छातीपर्यंत आलं. बेबी, वाचलेलं काही म्हणजे काही आठवत नाहीये मला.

बेबी : बरं झालं.

दादा : पाय सुटले! बघितलंस? सुटले होते. आता परत टेकले. पण सुटले होते.

बेबी : बघितलं, दादा.

राखणदार : बेबीताई, ऑफिसातून फोन आहे. पाणी सोडलं का म्हणून विचारतायत. काय सांगू?

बेबी : सांग, एक पोरगा अजून आत आहे.