मॅडमचे मिस्टर, मुक्काम तारापूर

…आणि वर मलाच म्हणते, "तू गप्प बस, प्रदीप!" अहो, गप्प बसूनच तर हे सगळं झालं! बायको परदेश खात्यात, जगभर बदल्या, आणि मी तिच्या सामानात. पासपोर्ट, लोणचं, नवरा, या क्रमाने!

तुम्हाला सांगतो, आमची भाग्यश्री पालघरची, मी कुंभवलीचा. तेव्हा मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कपड्यांचे रंग बनवायच्या कारखान्यात कामाला. लग्न झालं, हिची बाहेरदेशी बदली आली, मी नोकरी सोडली नि निघालो. तिथली पहिलीच पार्टी. ही साडीत, मी कोटात, हातात सरबत. मॅडमचे मिस्टर म्हटल्यावर विचारतंय कोण? लोक माझ्याशी बोलता बोलता माझ्या खांद्यावरून बघायचे, दुसरा कोणी बरा सापडतो का! एवढ्यात एक मिशाळ कर्नल आला… देश सांगणार नाही, बायकोने शपथ घातलीय… म्हणाला, "आपण कुठले?" आता कुंभवली सांगून त्याला काय डोंबल कळणार? बोईसर तरी काय कळणार? म्हणून म्हटलं, "तारापूर."

अहो, त्याच्या तोंडातला काजू तिथंच थांबला! "तारापूर? अणुवीजवालं तारापूर? तिथं होतात?" म्हटलं, "हो, म्हणजे… शेजारी." 'शेजारी' त्याने ऐकलंच नाही! "काम काय करायचात?" मी तोंड उघडणार, तोच भाग्यश्रीचं कोपर बरगडीत. मी आपला गप्प.

झालं! बोलत नाही म्हणजे केवढा मोठा शास्त्रज्ञ! पुढे दर देशात हीच कथा. मंगोलियात मला घोडीचं दूध पाजलं, पेरूत लोक खुर्ची सोडून उभे राहायचे, आणि एका जेवणात मी नुसतं "हं" केलं तर दोन देशांनी सीमेवरून सैन्य मागे घेतलं! खोटं नाही सांगत! हळूच विचारायचे, "सध्या काय बनवताय?" अहो, सध्या कांदाभजी! पण बरगडी आठवायची… मी आपला गप्प.

घरी फोन केला, तर आय म्हणते, "अरे, तू तिकडं करतोस तरी काय? बेटेगावची मावशी इचारते, तिला काय सांगू?" म्हटलं, "आय, मी इकडं शास्त्रज्ञ हाय." "बरा हाय. मंग सांग, आपल्या मिक्सरला जळका वास का येतो?"

हसा, हसा! पण एक गोष्ट टोचायची. कोणी हिला विचारलं, "मिस्टर काय करायचे?" की ही गोड हसून म्हणायची, "त्याबद्दल न बोललेलं बरं." न बोललेलं बरं? रंगवाल्या नवऱ्याची लाज वाटते होय हिला? कितीदा वाटलं, विचारावं. पण "हो" म्हणाली तर?… मी आपला गप्प.

मग गेल्या वर्षी ही त्याच पहिल्या देशात राजदूत झाली. पहिलीच मेजवानी, आणि समोर कोण? तोच कर्नल! आता जनरल, मिशी पांढरी, खाज तीच. भर टेबलावर म्हणतो, "मॅडम, आता तरी सांगून टाका, मिस्टर तारापूरला काय करायचे?"

मी ताटातले वाटाणे मोजायला लागलो. आणि जन्मात कधी सरळ उत्तर न दिलेली माझी बायको उठून उभी राहिली हो! म्हणाली, "कपड्यांचे रंग बनवायचा. लग्नात याने माझा हात धरला, तर माझी मेंदी लाल नि याचा पंजा निळा! कितीही घासला तरी जाईना. त्याच हाताने माझी बॅग उचलली आणि माझ्यामागे निघाला. 'माझं काय?' असं एकदासुद्धा विचारलं नाही याने. हे सांगायला लागले की मला रडू येतं, म्हणून इतकी वर्षं टाळत होते." आणि रडलीच! भारताची राजदूत, सगळ्यांसमोर, नॅपकिनला नाक पुसत!

माझा चष्मा धूसर. म्हटलं, प्रदीप, सुटलास बाबा! उगाच इतकी वर्षं जीव जाळलास!

तर जनरलने खुर्ची हळूच मागे सरकवली. "तारापूरचा निळा पंजा?… आणि घासून जात नव्हता?" म्हणाला, आणि आल्या आल्या माझ्याशी मिळवलेला हात टेबलक्लॉथला पुसायला लागला.

तेव्हापासून त्या अख्ख्या देशात माझ्याशी कोणी हात मिळवत नाही. लांबूनच मान हलवतात. हातात हात घेणारी उरली एकटी भाग्यश्री… तीही दिल्लीचा फोन आला की सोडते.